डाव्या कोपऱ्यातला पदर

उस्मानपुरा, औरंगाबाद
१२ जून १९८३

प्रिय सोनाजी,

हे पत्र अत्यंत गंभीर बाबीसंबंधी आहे, तरी ते उभं राहून वाचावं.

गेल्या महिन्यात इटालियन चित्रांचं जे जाडजूड पुस्तक तू माझ्या घरातून काखोटीला मारून नेलंस, ते पुस्तक नव्हतं. तो आमच्या शिसवी कपाटाचा चौथा पाय होता. पोलीस ॲक्शननंतर निजामाचा कुणी अंमलदार घाईघाईनं गाव सोडून गेला आणि त्याचं सामान जुन्या बाजारात शेरावर विकलं गेलं, त्यात वडिलांनी ते आणलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आणि आतली चित्रं घरात उघडी ठेवण्यासारखी नाहीत हे समजायला इंग्रजी लागत नव्हतं. तेव्हापासून ते कपाटाखाली. इतकी वर्षं एका जागी गप्प राहून भार सोसणारा एक इसम आमच्या कचेरीत मला दाखव, मी त्याचा सत्कार करतो.

आता कपाट डावीकडं कलतं. दार आपोआप उघडतं आणि माझा लग्नातला कोट बाहेर डोकावतो. काल पाहुणे बसलेले असताना त्यानं हाच प्रकार केला. सौ.चे मामा चहा अर्धवट ठेवून म्हणाले, "आत कुणी आहे का?" मी म्हणालो, "सोनाजी मास्तरांनी पाय नेलाय, म्हणून असं होतं." मामा तेव्हापासून माझ्याकडं जपून बघतात.

तू वेरूळच्या सुताराकडून बाभळीचा ठोकळा करून पाठवणार होतास. तो कुठं आहे? शिवाय सासऱ्यांच्या घड्याळाच्या दुकानातलं, डोळ्यात अडकवायचं ते काळं भिंगही तू नेलंस. आमच्याकडं ते कुणी वापरत नाही, पण तक्रार करायलाच बसलोय तर सगळीच करतो.

वहिनींना जाऊन आठ महिने होत आले. तू चित्रं बघ, पण वेळेवर जेव. हे आमच्या सौ. द्वारकेनं लिहायला सांगितलंय. मी आपणहून असलं काही लिहिणारा माणूस नाही, हे तुला माहीतच आहे.

तुझा,
बद्रीनाथ


वेरूळ
२५ जून १९८३

बद्रीशेठ, रामराम.

पत्र उभं राहूनच वाचलं, कारण खुर्चीवर पोरांच्या चित्रकलेच्या वह्या व्हत्या. कपाटाची हालत वाचून वाईट वाटलं. कडूबा सुतार म्हणतो ठोकळा करून देतो, पण आधी बैलगाडीची चाकं. ठोकळ्याला तो काम धरत नाय.

पुस्तक लई मोठं निघालं रे. आपण दोघं उर्दूत शिकलो ते आता कामाला आलं. त्या अंमलदारानं चित्रांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक लिवून ठेवलंय. एका दाढीवाल्या बाबाच्या चित्राखाली लिवलंय, "मख्खी असली नहीं, तसवीर की है. झटकने की ज़हमत न करें." मी झटकून बघितली. खरंच चित्रातली. त्या चिताऱ्यांची तऱ्हाच व्हती म्हणे, कायतरी लपवून ठेवायचं. ढगात घोडेस्वार, आरशात सोता चितारी. बघणारानं हुडकून काढायचं. मी भिंग लावून हुडकत बसतो. दुपार निघून जाती.

माशीचं अजून एक. त्यानं एकाच चित्राला लिवलंय, पण मला बाकीच्यांत पण सापडल्या. भिंगातून बघितलं की दोन-तीन माशा हमखास. पान उलटलं तरी हायेत.

आता खरं काम. पान एकशे बारा. आई बसलीय, मांडीवर बाळ, बाळाच्या मुठीत चिमणीएवढा पक्षी, तोंडाला लाल. आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या वच्छलाबाईंनी खालचं वाचून सांगितलं. लाल तोंडाचा पक्षी म्हणजे हे पोरगं पुढं हाल होऊन मरणार, त्याची खूण. आन आईला ते आधीच ठाऊक हाय, पण ती कुणाला सांगत नाय. अंमलदारानं पण कडेला एवढंच लिवलंय, "माँ को मालूम है."

बद्री, मी भिंग लावून लई बघितलं. तिच्या तोंडावर मला कायच दिसत नाय. तू दुनियेची तोंडं वाचतो आन दर रविवारी पेपरात छापतो. तू ये, बघ आन मला सांग. तिला ठाऊक हाय ते तिच्या तोंडावर दिसतं का?

आमच्या म्हाळसानं छातीतली ती गाठ वरीसभर पदराखाली लपवून ठेवली. रोज माझ्यासमोर बसून भाकर थापायची. मी पोरांना शिकवतो, नीट बघितल्याबिगर रेघ मारू नका. मी बघतच व्हतो ना तिच्याकडं?

तेवढा जबाब दे.

सोनाजी


उस्मानपुरा
६ जुलै १९८३

प्रिय सोनाजी,

माशा इटलीच्या नाहीत. वेरूळच्या आहेत. यात्रेकरू पेढे खातात, माशा तुझ्या घरी येतात. त्यांना चित्रकलेचा इतिहास चिकटवू नकोस.

तुझी ही खोड जुनी आहे. तुझ्या बापानं तुला मेंढरं राखायला पाठवलं, तर तू संध्याकाळी दगडांना हाका मारत बसायचास आणि खरी मेंढरं पडेगावच्या वाटेला लागायची. शेवटी म्हातारा हेडमास्तरांसमोर तुला उभा करून म्हणाला होता, "याला दगूड आन मेंढरू सारखंच दिसतंय. याला साळंत घ्या." त्यांनी घेतलं. सोडावॉटरच्या बाटलीचा तळ असावा तशी जाड काच डोळ्यावर आली, तुला दुनिया दिसली, आणि त्याच दिवशी तू माझं नाक वहीत काढलंस. ते नाक अजून तसंच आहे. चित्र बरं होतं, याची आज लेखी कबुली देतो.

येण्याचं म्हणशील, तर वेरूळ तासाभराचा रस्ता आहे. म्हणूनच येणं होत नाही. तू नागपुरात असतास तर वर्षातून दोनदा आलो असतो.

तुझ्या प्रश्नाचा जबाब उधार ठेव. तोंडं वाचतो म्हणजे मी पुढाऱ्यांची वाचतो. तिथं जे छापलेलं असतं ते मोठ्या टाइपात असतं. बायामाणसांची तोंडं मला वाचता येतात की नाही, हे द्वारकेला विचार.

ठोकळा?

बद्रीनाथ


वेरूळ
२८ जुलै १९८३

बद्री, रामराम.

ठोकळ्याचं लाकूड कापलंय, रंधा राहिलाय.

तू हसशील म्हणून लिवू का नको करत व्हतो. म्हाळसाची नाकातली चमकी आठवती? खंडोबाच्या जत्रेतली, खड्याची. चुलीपुढं वाकली की जाळ पडून लखकन चमकायची. चार दिवसांपासून तसं चमकतं. मी पानावर बघत असतो आन कडेला लखकन. मान वळवली की गायब.

आन खालच्या डाव्या कोपऱ्यात कायतरी हाय. आधी मला वाटलं छपाईचा डाग. पण बद्री, सगळ्या चित्रांत हाय. गडद, वाकडी कड, जशी कुणी बाई दाराच्या चौकटीआड उभी हाय आन पदराचा काठ तेवढा आत आलाय. राजाच्या चित्रात हाय, देवदूताच्या चित्रात हाय, त्या आईच्या पायापाशी हाय. एवढ्या येगयेगळ्या चिताऱ्यांनी एकाच बाईला सगळीकडं कसं लपवलं?

वच्छलाबाईंना भिंग देऊन दाखवलं. त्या बिचाऱ्या लई येळ बघत व्हत्या. म्हणल्या, "मास्तर, मला नाही दिसत." डाव्या डोळ्यानं मी काय बघणार, त्यात लहानपणीच देवी येऊन फूल पडलंय, तुला ठाऊक हाय. दिवस-रात कळती, माणूस आडवं आलं तर कळतं. उजव्यावर सगळा कारभार. त्याच्यावर भिंग चढवलं की ती येती.

मी कुणाला सांगितलं नाय. तू पण सांगू नको.

सोनाजी


उस्मानपुरा
१० ऑगस्ट १९८३

प्रिय सोनाजी,

सोबत कात्रण जोडलं आहे. शिव्या द्यायच्या असतील तर अजून थोडा वेळ थांब, आधी वाच.

माझ्यापुढं शनिवार उभा होता आणि डोक्यात काही नव्हतं. संपादक दर तासाला विचारत होते. मग "कोपऱ्यातली बाई" असा लेख लिहिला. एका ड्रॉइंग मास्तरला परदेशी चित्रांत सगळीकडं एकच बाई दिसते. मग सगळ्या गावालाच दिसायला लागते. तहसीलदाराला फायलीत, आमदाराला मतदारयादीत, सोसायटीच्या चेअरमनला तपासणी अहवालात, आणि प्रत्येकजण म्हणतो की ती माझी नाही, आधीच्या साहेबाची आहे. लोकांना आवडला. दोन पत्रं आली, त्यातलं एक शिव्यांशिवाय. तुझं नाव नाही, गाव नाही. "एक मास्तर" एवढंच.

आता लेख बाजूला. सोनाजी, माणूस जातं तेव्हा डोळे काही दिवस त्याची जागा धरून ठेवतात. माझी आई गेल्यावर मला महिनाभर तिच्या पानाच्या डब्याचं झाकण वाजल्यासारखं वाटायचं. ते थांबलं. तुझंही थांबेल. चार दिवस साळूबाईकडं राहायला जा, बहिणीच्या हातचं खा. पुस्तक मिटून ठेव. वाटल्यास माझ्याकडं परत पाठव, कपाट वाट बघतंय.

बद्रीनाथ


वेरूळ
२४ ऑगस्ट १९८३

बद्री, रामराम.

कात्रण यायच्या आधीच लेख आला व्हता. आमचे हेडमास्तर कारभारी सर तुझे लई चाहते. त्यांनी मधल्या सुट्टीत सगळ्यांपुढं मोठ्यानं वाचला आन माझ्याकडं बघून म्हणले, "मास्तर, ही बाई तुमच्या ओळखीची दिसते." सगळे हसले. वच्छलाबाई हसल्या नाय. मी हसलो. लेख चांगलाच व्हता, तहसीलदाराचं तर लई बेस.

दुसऱ्या दिवशी सातवीचा तास. फुलदाणी काढायला दिली व्हती. वर्गातल्या सगळ्या कागदांवर खाली डाव्या कोपऱ्यात एक एक बाई. एकाची बरी जमली व्हती, पदराची चुणी नीट पडली व्हती. त्याला मी मार्क दिले.

साळूकडं जायची गरज नाय, साळूच इथं आलीय. ती म्हणती वहिनी न्यायला आली. तिनं माझ्यावरनं कोंबडं उतरवून टाकलं. मी उतरवू दिलं, तिच्या जिवाला बरं.

कारण आता ती पुस्तकाबाहेर पण येती. फळ्यावर येती. काल शाळेच्या पाहुण्यांना घेऊन कैलास लेण्यात गेलो तर हत्तीच्या पायाशी व्हती. आन पदर रोज थोडा वर चढतो. आधी कोपऱ्यात व्हता, आता निम्म्यापर्यंत आलाय. आईच्या चित्रात बाळ झाकलं गेलंय, पक्षी झाकला गेलाय, आईचं तोंड तेवढं राहिलंय.

मला भ्या वाटत नाय बद्री. घरात दुसरं कोण येतंय? ती तरी येती.

माझा जबाब राहिलाय.

ठोकळा तयार झाला. कुणी येणारं असलं की धाडतो.

सोनाजी


उस्मानपुरा
३ सप्टेंबर १९८३

सोनाजी,

तार मिळाली असेल. मिळाली नसेल तर हे पत्र हातात पडताच निघ. धोतर बदलू नकोस, साळूबाईला विचारू नकोस, कारभारीची रजा मागू नकोस.

काल द्वारकेच्या भाच्याच्या मुलाच्या बारशाला जेवायला बसलो होतो. माझ्या पंगतीला पाहुण्यांपैकी एक डोळ्यांचे डॉक्टर, मुंबईला असतात. लोकांनी आग्रह केला, "ती कोपऱ्यातल्या बाईची गंमत सांगा." मी सांगितली. अगदी रंगवून. सगळी पंगत हसली. डॉक्टर जिलबी हातात धरून माझ्याकडं बघत राहिले.

"हे मास्तर खरे आहेत?"

"माझा बालमित्र आहे."

"जाड भिंगाचा चष्मा?"

"हो."

"आधी त्यांना माशा दिसल्या का? काळ्या, उडणाऱ्या?"

मी म्हणालो, "हो. वेरूळला माशा फार."

"मग कडेला काही चमकायला लागलं?"

"हो."

"आणि मग एका कोपऱ्यातून पडदा."

मी म्हणालो, "पडदा नाही. पदर."

ते म्हणाले, "ते तुम्ही काहीही म्हणा. उठा आणि त्यांना घेऊन या."

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला, एक पातळ पडदा असतो. त्याच्यावर आपल्याला दुनिया दिसते. जाड चष्मेवाल्यांचा तो कधीकधी फाटतो आणि ओल लागलेल्या भिंतीचा रंग पोपडा धरून सुटावा तसा सुटत जातो. जिथं सुटला तिथं अंधार. चित्रांत कुणीही काही लपवलेलं नाही, सोनाजी. ते तुझ्या डोळ्यात आहे. भिंग लावून तू पांढऱ्या पानावर एकटक बघत होतास म्हणून आधी तिथं दिसलं. अंधार मधोमध पोचायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर राहते. मधोमध गेला की मग कठीण. आईचं तोंड तेवढं राहिलंय, असं तू लिहिलंस. ते वाक्य मी डॉक्टरांना सांगितलं. ते पानावरून उठले आणि फोन कुठं आहे ते विचारायला लागले.

मुंबईला खाट सांगून ठेवली आहे. उद्या सकाळपासून मी एसटी स्टँडवर उभा आहे. लेखाबद्दल इथं काही लिहीत नाही. तोंडावर बोल काय बोलायचं ते.

बद्री


वेरूळ
६ सप्टेंबर १९८३

बद्री,

तू दिवसभर स्टँडवर उभा व्हतास ते कंडक्टरनं सांगितलं. येणाऱ्या गाडीच्या खिडक्यांत तोंड घालून बघत व्हतास म्हणे. मी मुद्दाम आलो नाय. तुझ्यावर राग नाय.

तू म्हणतो पडदा. मी म्हणतो पदर. दोन्हीत अक्षरं तीन तीनच. मास्तर माणूस हाय, शुद्धलेखन समजतं. तुझं खरं असंल.

पण इचार कर. डोळा नीट झाला की ती जाईल. एकदा ती माझ्यासमोर बसून गेली आन मला दिसली नाय. आता दिसती तर मीच डॉक्टरला सांगू, हिला काढा? दसऱ्याच्या आधी तिचं वर्षश्राद्ध हाय. तिच्यासमोर पान वाढीन म्हणतो. तेवढं झालं की मी सोता गाडीत बसतो, तुला उभं राहायला लागणार नाय.

डॉक्टरला इचार, पडदा तेवढे दिवस थांबंल का? एक महिनाच हाय.

सोनाजी

रेघा वाकड्या आल्या असतील. कागदाची खालची बाजू आता दिसत नाय.


वेरूळ
५ नोव्हेंबर १९८३

श्री. बद्रीनाथ यांस,

सोनाजी मास्तर सांगत आहेत आणि मी लिहीत आहे. त्यांच्याच शब्दांत लिही असं त्यांनी बजावलं आहे, म्हणून भाषा सुधारलेली नाही. — वच्छलाबाई

बद्री, रामराम. पत्रं आता अशी. तुझं पण ह्याच वाचून दाखवतील, तवा शिव्या बेतानं घाल.

मुंबईहून आलो त्याला महिना व्हत आला. तू दोन-तीनदा पत्र धाडलं, मी जबाब दिला नाय. काय देणार व्हतो? सप्टेंबरात माझं पत्र मिळताच तू इथं येऊन अंगणात बसलास ते आठवतं. साळूनं भाकर वाढली तर ताट सरकवून म्हणलास, "हा उठला तर जेवतो." साळू मला म्हणली, "दादा, पाहुणा उपाशी हाय, जा बाबा." मी तुझ्या भुकेपायी उठलो, डोळ्यापायी नाय. हे तुला सांगायचं राहिलं व्हतं.

तुझी चूक नाय. डॉक्टरनं पण केलं तेवढं केलं. वाळूच्या पिशव्या लावून मला निपचित निजवलं, मान हलवायची नाय. तू उशाशी बसून पेपर वाचून दाखवायचास. तुझा सोताचा लेख सोडून सगळं वाचायचास. माझ्या ध्यानात आलं व्हतं.

मग पट्टी काढली.

बद्री, मला वाटलं व्हतं नजर नाय आली तर नाय, ती तरी राहील. ती पण नाय. काळं पण नाय. करडं हाय नुसतं, धुतलेल्या पाटीसारखं. त्यात कुणी नाय.

मुंबईहून आल्यावर वर्षश्राद्धाला पान वाढलं. साळूनं हात धरून वाढवलं. कावळा लवकर शिवला म्हणतात. मला आवाज आला पंखांचा.

(इथं मास्तरांनी पाणी मागून घेतलं. — व.)

शाळेनं अजून काढलेलं नाय. पोरं येऊन बसतात, मी सांगतो तशी रेघ मारतात. ज्यानं बाई बरी काढली व्हती ते पण येतं. बरं चाललंय.

वच्छलाबाईंसंगं पुस्तक, भिंग आन ठोकळा धाडलाय. ठोकळा कडूबानं लई घोटलाय, चाकाच्या वर काम केलं. पुस्तक परत कपाटाखाली घालू नको म्हणणार नाय मी. तुझं हाय. पण घालायच्या आधी एकशे बारावं पान उघड.

जूनपासनं माझा जबाब बाकी हाय तुझ्याकडं.

सोनाजी


उस्मानपुरा
१३ नोव्हेंबर १९८३

प्रिय सोनाजी,

ठोकळा चपखल बसला. कपाट सरळ उभं आहे, दार उघडत नाही, कोट आत आहे. सहा महिन्यांत त्याची सवय झाली होती. आता कुणी बाहेर डोकावून बघत नाही तर घर ओकंओकं वाटतं. द्वारका म्हणते, एखाद्याला कशानंही बरं वाटत नाही.

या रविवारचा लेख दिलेला नाही. संपादकांना कळवलं, डोळे आलेत. ते म्हणाले, इतक्या वर्षांनी? माणूस हुशार आहे, मी समजत होतो त्याहून.

पुस्तक टेबलावर आहे, तिथंच राहील. आज सकाळी दार लावून घेतलं आणि तू बसायचास तसा बसलो. भिंग उजव्या डोळ्यात अडकवलं. ते अडकत नव्हतं, तीनदा पडलं. मग डावा डोळा मिटला आणि एकशे बारावं पान बघितलं. असं एखाद्या गोष्टीकडं मी पूर्वी बघितलेलं आठवत नाही. मी बघतो ते लिहायला काय मिळतंय म्हणून.

वच्छलाबाई, इथून पुढं जरा सावकाश वाचा.

निळं लुगडं म्हणावं असं वस्त्र आहे, डोक्यावरून घेतलेलं. निळा म्हणजे तुझ्या शाळेतल्या रंगपेटीतला नाही, नीळ जास्त झालेल्या धोतराचा. बाळ बेढब आहे. तुझ्या सातवीतल्या कुणी काढलं असतं तर तू मार्क कापले असतेस. पक्षी मात्र जिवंत आहे. बाळानं तो घट्ट धरलाय, आणि ज्यानं धरलाय त्याला कळत नाही की पक्ष्याला दुखतंय. मागं डोंगर आहेत, आपल्या दौलताबादच्या वाटेवर आहेत तसे सपाट डोक्याचे. एक रस्ता वळत वर जातो. रस्त्यावर पांढरे ठिपके आहेत. मला वाटलं मेंढरं. भिंग जवळ नेलं. दगड आहेत. तुझी आठवण आली.

खालचा डावा कोपरा बघितला. तिथं चिताऱ्यानं काही लपवलेलं नाही, फरशी आहे. पण पुस्तक चाळलं तर प्रत्येक पानाच्या त्या कोपऱ्यावर एक करडा डाग आहे. पान धरून तू तासन्‌तास बसायचास, तो तुझा अंगठा. कोळशाचा हात, खडूचा हात, घाम. दर पानावर थोडा निराळा उमटलाय. वर निमुळता, खाली पसरलेला, डोक्यावरून पदर घेऊन कुणी बसावं तसा. मी सांगतो म्हणून विश्वास ठेवू नकोस, वच्छलाबाईंना पुढच्या खेपेला दाखवतो. पण आता ती पुस्तकात आहे. खोडरबरानं जाणार नाही. मी खोडणारही नाही.

राहिला तुझा जबाब.

वच्छलाबाई, हे चित्र तुम्हीही बघितलेलं आहे. तुम्हांला काही वेगळं वाटलं असेल तर ते तुमच्यापाशी ठेवा. मास्तरांना माझं तेवढं वाचून दाखवा.

सोनाजी, मी सकाळपासून तिच्या तोंडाकडं बघत होतो. दुपारी द्वारका जेवायला बोलवायला आली, तिलाही बघायला लावलं. कपाळ बघितलं, ओठांचे कोपरे बघितले, पापण्या बघितल्या. त्या खाली आहेत. भाकरी थापताना बाई खाली बघते, तशा.

तिला ठाऊक आहे. पण ते तिच्या तोंडावर दिसत नाही. मी नीट बघितलं. कुणालाच दिसलं नसतं.

तुझा,
बद्री